क्वार्टरबॅकच्या बदल्यात गझीबो

गेल्या जूनच्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेअकराला, डब्लिनमधल्या ब्युमॉन्टच्या मैदानाबाहेरच्या कार पार्कमध्ये आम्ही आमची क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चेंडू फेकणारी मुख्य खेळाडू, किलकेनी गावाच्या संघाला देऊन टाकली. मोबदला: एक गझीबो, म्हणजे पावसात खाली उभं राहायचा घडीचा मांडव, आणि सरावात मैदानावर मांडायचे बारा पिवळे कोन. हजर: किलकेनीचे कोच ब्रेंडन, आमचे कोच ठोंबरे सर, संघाचा खजिनदार म्हणून मी, आणि जिचा सौदा चालला होता ती डॉक्टर रसिका. ती गाडीच्या बॉनेटवर बसून केळं खात होती.

"सर, मी इथेच आहे," ती मधूनमधून आठवण करून देत होती.

"तू चूप बस पोरी. बैठकीत मुलगी बोलत नसते."

"कुठल्या जमान्यात?"

"बरं, बोल. पण भाव पाडू नको."

ठोंबरे सर आमचे शेजारी. नागपूरच्या एका शाळेत चौतीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झाले, पत्नी गेल्या, आणि मुलगा निखिल त्यांना डब्लिनला घेऊन आला. सामानात त्यांनी दोन बॅगा आणल्या आणि गळ्यात शिट्टी. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बस स्टॉपवर शिट्टी फुंकली आणि "लाइन सरळ!" असा हुकूम सोडला. मराठी कोणालाच कळलं नाही, पण आयरिश माणसं भिडस्त. रांग सरळ झाली. एका आजीबाईंनी तर त्यांना "थँक यू" म्हटलं. त्या दिवसापासून सरांचं या देशाबद्दलचं मत चांगलं आहे.

आमचा संघ फ्लॅग फुटबॉलचा. अमेरिकन फुटबॉलच, पण पाडापाडी न करता. कंबरेला लटकवलेली पट्टी ओढली की माणूस बाद. अर्धे खेळाडू मराठी, अर्धे आयरिश. जुने कोच एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाला गेले. नवा कोच व्हायला कोणालाच वेळ नव्हता. सर मात्र दर रविवारी रेषेवर उभे असायचेच, शिट्टीसकट. आम्ही विचारलं, ते हो म्हणाले. मग म्हणाले, "आता सांगा, खेळ कोणता आहे?"

नियम समजावून सांगितल्यावर त्यांनी खेळाची स्वतःची मांडणी केली. "ही पंगत आहे. क्वार्टरबॅक म्हणजे वाढपी. चेंडू त्याच्या हातात. कोण भुकेला आहे, कोणाचं पान रिकामं आहे, हे त्यानं बघायचं आणि वाढायचं. आणि बाकीच्यांनो, नुसतं धावून काय राहिले? मागा ना बे!" पुढच्या सामन्यात शॉन नावाचा सहा फुटी पोरगा मैदानाच्या टोकाला दोन्ही हात पसरून "वाढ! वाढ!" असं ओरडत होता. रसिकाने त्याला असा काही चेंडू वाढला की प्रतिस्पर्धी बघत राहिले. पाचपैकी चार सामने आम्ही जिंकलो.

आणि मग रसिकाची बदली आली. इथल्या शिकाऊ डॉक्टरांच्या नेमणुका जुलैत बदलतात; तिला किलकेनी मिळालं. संघाने परस्पर ठरवून टाकलं, की तिने दर रविवारी गाडी चालवत डब्लिनला यायचं. दीड तास येणं, दीड तास जाणं. ती हो म्हणालीही. तीही नागपूरचीच; दर रविवारसारखं सामना संपल्यावर मैदानाच्या भिंतीवर बसून सरांच्या डब्यातले तर्री-पोहे, म्हणजे वर तिखट रस्सा घातलेले पोहे, खाताना तिने खरं कारण सांगितलं.

"मागच्या वर्षी पोर्टलीशच्या हॉस्पिटलात होते ना सर, तवा सुटीच्या दिवशी कोणाशीच बोलायला नव्हतं. दुकानातलं बिलाचं मशीन तेवढं थँक यू म्हणायचं. किलकेनीतही कोणी ओळखीचं नाही. त्यापेक्षा गाडी चालवेन."

"रात्रपाळी करून?"

"त्याला इलाज नाही."

सरांनी डबा पुसून बंद केला. दुसऱ्या दिवशी बसने एकटेच किलकेनीला गेले आणि तिथला संघ शोधून काढला. परत येऊन आम्हाला सांगितलं, "विकली."

गहजब झाला. शॉन रडायच्या बेतात होता. मी म्हटलं, "सर, हौशी संघात असे सौदे नसतात. तिला नुसतं त्यांच्याकडे पाठवा, घेतील की."

"खजिनदार, फुकट आलेल्या खेळाडूला बाकावर बसवतात. मोल देऊन आणलेल्याला स्टेशनवर घ्यायला येतात."

म्हणून ती कार पार्कमधली बैठक. सर गझीबोबद्दल दोनच वाक्यं बोलले. बाकी सगळा वेळ ब्रेंडनची उलटतपासणी: तुमच्या संघात बायका किती, सामन्यानंतर सगळे थांबतात की पळतात, कोणी आजारी पडलं तर सूप कोण नेऊन देतं. इंग्रजी ते मराठीसारखंच बोलतात, मोठ्यानं. ब्रेंडन प्रत्येक प्रश्नाला "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', म्हणत होता. बिचारा इतका घाबरला होता, की कोन दहा ठरले होते ते त्याने बारा दिले.

गझीबो सरांच्या शेडमध्ये ठेवला. पुढच्या रविवारी पाऊस आला, आम्ही तो उघडला, तर पाय तीनच. पाईपांवर लाल स्टिकर लावलेले, एक, दोन, तीन. चौथा पाय नाही.

सरांनी तिथूनच ब्रेंडनला फोन लावला. तो शपथेवर सांगत होता की चारही पाय दिलेत. सरांनी तीनदा "खात्री आहे?" असं विचारलं. तिसऱ्यांदा त्याला स्वतःचीच शंका आली. नवा पाय विकत आणून देतो म्हणाला. "नको," सर म्हणाले. "ओरिजिनलच पाहिजे. तो सापडेपर्यंत दंड." दंड असा, की दर रविवारी सामन्यानंतर रसिकाला ब्रेंडनच्या घरी, घरच्या माणसांसोबत, टेबलावर बसवून जेवायला घालायचं. शाकाहारी.

"ग्रँड," ब्रेंडन म्हणाला.

इकडे आमची अवस्था अशी, की मांडवाचा चौथा कोपरा धरायला एक माणूस लागायचा. खेळण्यात ज्याचा उपयोग सर्वांत कमी, तो मी. लागोपाठ तीन रविवार मी पाय होतो. तिन्ही सामने हरलो. शॉन वाढ वाढ ओरडत राहिला. नव्या वाढप्याचं लक्ष पानांवर नव्हतंच.

तिसरा सामना हरून घरी आलो आणि कपडे वाळत घालायला मागच्या बागेत गेलो. कुंपणापलीकडे सरांची कपड्यांची दोरी. ती खाली लोंबू नये म्हणून तिला एका पांढऱ्या पाईपचा टेकू दिलेला. पाईपवर लाल स्टिकर. चार.

"सर, हे काय आहे?"

"बांबू."

"बांबूवर नंबर असतो?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल ना बाप्पा."

"तीन रविवार मी त्या मांडवाचा पाय झालोय!"

"मग? खांदे बघ कसे सुधारले." ते कुंपणाजवळ आले. "पाय सापडला का जेवण बंद. पोरीची आत्ता कुठे ओळख होऊन राहिली. मघाशी फोन केला होता मी. म्हणे, सर मग बोलते, ब्रेंडनच्या आईसोबत सफरचंदं कापून राहिले. एका मिनिटात ठेवला फोन." विद्यार्थ्याने शर्यत मारल्यावर सांगावं तसं त्यांनी पुन्हा सांगितलं, "एका मिनिटात!"

बोलताना फोन त्यांच्या हातातच होता. मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टेबलावर एक ताट, झाकलेलं. निखिल आणि सूनबाई दोघंही ड्यूटीवर. रविवारी याच वेळी सर आणि रसिका त्या भिंतीवर बसून नागपूरचं बोलत असायचे, आणि या गावात सरांशी तसं बोलणारं दुसरं कोणीच नाही, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. संघाचं नुकसान मोजण्यात मी गुंतलो होतो.

"चूप राहायचं काय घेशील, खजिनदार?"

मी म्हटलं, "दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं. टेबलावर बसून, घरच्यांसोबत."

सर बराच वेळ दोरीवरचा टॉवेल सारखा करत राहिले.

"भाजी तिखट राहील?"

"तुमच्या मानाने नाही."

"मग तर्री मी आणतो."

तर शेवटी चुकतं झालं ते असं: किलकेनीकडून दर रविवारी एक जेवण, डॉक्टर रसिकाला. आमच्या घरून एक, ठोंबरे सरांना. आणि पाऊस असला की चौथा कोपरा माझ्याकडे.