राजवैद्यांनीं सरनोबतांची तसबीर लिहिली त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन करोन, वडील माणसांचे मुखें ऐकिलें तैसें लिहितों. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एके राज्यीं महाराजांनीं वाढदिवसाचे हास्यसभेचा हुकूम केला कीं, ज्यास जी विद्या येत नाहीं त्याणें तीच करोन दाखवावी, आणि ज्याचे करणीस दरबार अधिक हंसेल त्यास शालजोडी द्यावी. मग चिठ्ठ्या टाकिल्या आणि राजवैद्य त्र्यंबकशास्त्री यांस चिठ्ठी आली कीं, सरनोबत हैबतराव यांची तसबीर लिहावी. शास्त्रीबोवांचे तोंडचें पाणी पळालें. कारण कीं, रावांचे उजवे गालास तरवारीचा वार लागला होता, तो बोवांनींच लढाईचे धामधुमींत शिविला होता, आणि टांके वांकडे पडोन गाल आवळला होता. तेव्हांपासोन राव सभेंत डावी बाजू पुढें करोन बैसत, आणि चितारी तों रिवाजाप्रमाणें एकाच बाजूनें मुख लिहीत, त्यांत रावांचें फावलें. बोवांचे मनीं मात्र सल कीं, आमचे हातें मित्राचें रूप गेलें, तो बोलत नाहीं परी अंतरीं रुसला आहे.

मग बोवा कुंचला घेऊन बैसले. एका बाजूनें लिहूं जातां नाकाचें वांगें होय, आणि पुसोन लिहितां आणिक थोर होय. शेवटीं हात टेंकोन मुख समोरून लिहिलें, तों दोन्ही गाल आले, आणि हातास ते टांके ठाऊक, त्याणें न विचारतां तेही लिहिले. मिटवावे तों सभेचें बोलावणें आलें. पडदा काढितांच नाक पाहोन हंशा पिकला, मग गाल दिसला आणि सभा चिडीचूप जाहली. बोवांनीं मान खालीं घातली. राव उठोन तसबिरीजवळ गेले, निरखोन पाहिलें आणि बोलिले, "शास्त्रीबोवा, टांके तेव्हांही असेच वांकडे होते. नाक तेवढें धड राहिलें होतें, तें आज बिघडविलेंत." ऐसें म्हणोन पोट धरोन हंसले, आणि महाराजांसुद्धां अवघा दरबार हंसला. हास्य ओसरलें तेव्हां बोवा हळूच म्हणाले, "राव, इतकीं वर्षें गाल लपविलात, तो आम्हांवर रोष होता ना?" राव म्हणाले, "रोष कसला? टांके पाहोन लोक तुमचे हातास नांवें ठेवतील म्हणोन लपविला. त्या हातानें आम्ही जगलों, लेंकरें पाहिलीं, नातवंडें खेळविलीं." बोवांचे डोळे भरोन आले.

शालजोडी बोवांस मिळाली, ती त्यांणीं तेथेंच रावांचे खांद्यावर घातली. सारांश, बोवा चितारी म्हणोन बुडाले आणि मित्र म्हणोन तरले. पुढें राव ज्यास त्यास उजवा गाल दाखवोन सांगत, "हें आमचे बोवांचें काम."