पेरेझाचं बारसं

प्लेनोतल्या ओळखीच्या घरांत आठ अनिका झाल्या होत्या. नववी आपल्या घरात नको, असं आश्लेषानं सातव्या महिन्यातच जाहीर केलं. आपल्या मुलीचं नाव असं ठेवायचं की अख्ख्या टेक्सासात दुसरं सापडता कामा नये. आणि तिनं ते शोधलंच. परीजा, म्हणजे परीच्या पोटची! अमेरिकनांची जीभ अडखळू नये म्हणून तिनं ते पेरेझा केलं.

बारशाला चाळीस माणसं आली. केकवर गुलाबी अक्षरांत 'वेलकम पेरेझा' लिहिलेलं. शेजारची मारिसोल शाळेत स्पॅनिश शिकवते. तिनं केक वाचला आणि सामोसा तोंडाशी नेता नेता थांबली.

"आश्लेषा, बेकरीवाल्यानं काही चुकवलंय का?"

"नाही गं, बाळाचं नाव आहे. युनिक ना?"

"युनिक आहे," मारिसोल जपून म्हणाली. "पण स्पॅनिशमध्ये याचा अर्थ आळस."

आश्लेषा हसली. मारिसोल हसली नाही, तेव्हा आश्लेषानं तिला बाजूला घेतलं.

"जुना काही चांगला अर्थ असेल ना? लॅटिनमध्ये वगैरे?"

"लॅटिनमधूनच आलाय. तिथे मूळ शब्दाचा अर्थच सुस्त."

"आणि पोर्तुगीजमध्ये?"

"तिथे प्रेगीसा. तोही आळसच. शिवाय झाडाला उलटा लटकतो ना, तो स्लॉथ, त्यालाही प्रेगीसाच म्हणतात."

आश्लेषाच्या डोळ्यांसमोर तिची परी फांदीला उलटी लटकली.

तेवढ्यात नणंद कांचन पाळण्यावर वाकली. "वहिनी, कानात नाव सांगू का?"

"एक मिनिट हं, वन्सं." आश्लेषानं नवऱ्याला दंडाला धरून लाँड्री रूममध्ये ओढलं.

"नकुल, मेलो आपण. पोरीचं नाव आळस ठेवलंय. बर्थ सर्टिफिकेटवर नाव घालायचा फॉर्म तुला देऊन तीन आठवडे झाले. आता बदलायचं तर कोर्टात जावं लागेल."

नकुल वॉशिंग मशीनकडे बघत राहिला.

"रागावणार नाहीस ना? फॉर्म गाडीतच आहे."

"म्हणजे?"

"पाठवायचा कंटाळा आला यार."

सहा वर्षं ज्या आळसावरून ती रोज भांडली, त्याच्यासाठी आज तिनं नवऱ्याला घट्ट मिठी मारली. मग डोळे पुसून बाहेर आली.

"वन्सं, नावाचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी केक कापू या. अक्षरांच्या बाजूनं."