साळवेमिस्त्रींचा पाण्यावरचा कॉम्प्युटर

साळवेमिस्त्री कॉम्प्युटरचा ताप बघायचे. चेष्टा नाही! फ्लॉपी घालायच्या फटीत काचेचा थर्मामीटर सरकवायचे, घड्याळात बघून दोन मिनिटं थांबायचे आणि तो उजेडाकडे धरून म्हणायचे, "उतरला न्हाई भाऊ अजून. लई अंग तापलंय."

मिस्त्री मूळचे मिरजगावचे. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर त्यांची हयात गेली. कंपनीनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता. मी तेव्हा नगरात स्कूटरवरून कॉम्प्युटर दुरुस्तीला हिंडायचो आणि स्वतःला मोठा इंजिनिअर समजायचो. "दुपारी पडदा गोठतोय, या," असा त्यांचा निरोप आला. गेलो, तर शेजारणीनं दारातच गाठलं. "जपून बरं का. बाई वारून दोन वर्षं झाली, पण त्या घरात अजून बाईमाणूस बोलतं." मी हसलो आणि आत शिरलो.

बाहेर एप्रिलचं ऊन, आत मात्र अंधार आणि गारवा. खिडक्यांना ओली पोती लावलेली. कोपऱ्यात माठ, माठात कूलरचा पंप, आणि तिथून निघालेली तांब्याची नळी कॉम्प्युटरच्या उघड्या पोटात शिरून, प्रोसेसरवरच्या पट्टीला वेटोळे घालून परत माठात. "लेथच्या टूलवर पानी सोडलं की टूल जळत न्हाई. मग ह्यो कसा जळंल?" मिस्त्री म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

तेवढ्यात लाईट गेली. गल्लीतले सगळे पंखे थांबले. हे यंत्र मात्र थांबेना! अंधारात त्याची घुरघुर चालूच. टेबलाखाली इन्व्हर्टरला जोडलेल्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या होत्या, पण त्या मला नंतर दिसल्या. चाचपडताना माझा हात कीबोर्डवर पडला आणि अगदी मानेमागून एक बाई ओरडली,

"अहो, बंद करा की ते आता! भाकरी निवतीय, या जेवायला!"

च्यायला! स्क्रूड्रायव्हर टाकून मी दारापर्यंत पोचलो होतो.

"भिऊ नका," मिस्त्री धावत येऊन म्हणाले. "आमची कमल हाय. मी माईक तपासत हुतो, तवा ती सैपाकघरातनं वरडली. तेवढंच ह्यात टेप झालं. बटन दाबलं की बोलती." स्पीकर मागच्या फळीवर होता.

मग सगळं कळलं. हार्ड डिस्क जुनी. बाई गेल्यावर एकदा बंद केली, तर दोन दिवस फिरलीच नाही. तेव्हापासून मिस्त्रींनी कॉम्प्युटर बंद केलेलाच नव्हता. बंद करावा तर कमलबाईंचा आवाज जायचा, चालू ठेवावा तर तापून जायचा.

मी नळ्या चाचपल्या. माठातून येणारी गार, परतणारीतून मात्र जेमतेम थेंब थेंब पाणी. "पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं. नळ चार दिसाआड येतो, प्यायाचं पानी मशीनला कसं पाजायचं?"

झालं! बोअरच्या क्षारांनी नळी आतून लिंपून टाकली होती. किराणा दुकानातून लिंबाचं सत्त्व आणून मी माठात कालवलं. तासाभरात धार मोकळी झाली.

मग बाईंचा आवाज मी दोन फ्लॉप्यांवर उतरवून घेतला आणि लावून दाखवला. अर्ध्या मिनिटाचं काम. ज्या माणसानं कॉम्प्युटरच्या पोटातून पाणी खेळवलं, त्याला एवढंच ठाऊक नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण डोळेच भरून आले.

"आता बंद केलात तरी आवाज जाणार नाही," मी म्हणालो.

मिस्त्री बराच वेळ बटणावर बोट ठेवून उभे राहिले. मग त्यांनी दाबलं. पंप थांबला, घुरघुर थांबली, आणि ते घर इतकं गप्प झालं की मघापेक्षा मला आताच जास्त भीती वाटली.

मिस्त्रींनी आतून भाकरीची दुरडी आणली, दोन ताटल्या मांडल्या.

"दोन वर्सं तिच्याम्होरं बसून जेवलो. आज म्होरं कोन न्हाई. तुमी बसता का जरा?"

मी घरून जेवून निघालो होतो. हात धुतले आणि बसलो.