तेलातलं कुंकू

दसऱ्याच्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता गणपतराव शिर्क्यांच्या पोटात जो गोळा आला, तो पुढचे दोन दिवस तिथून हलला नाही. समोर शेठची होडी होती आणि होडीवर, अगदी पुढच्या टोकाशी, लालभडक स्वस्तिक होतं.

"छान दिसतंय ना?" हात पुसत त्यांच्या पत्नीने, जिजाबाईंनी विचारलं.

साल शहाण्णव. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या तयार व्हायच्या आणि गणपतराव तिथे सुपरवायझर होते. त्यांचे पणजोबा बडोद्याच्या फौजेत जमादार होते. पणजोबांची तलवार गोत्रीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर टांगलेली असे. ती बघून पाहुणे दबकत आणि खुद्द गणपतराव शेठच्या गाडीचा हॉर्न ऐकून दबकत. कारखान्यातल्या यंत्रांची दसऱ्याची पूजा दरसाल जिजाबाईंच्या हातून होई. यंदा कुंकू थोडं उरलं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी आवारातली होडीही पुजली.

रसिकभाई शेठनी ती निळी होडी पाच वर्षांपूर्वी आणली होती, पण एकदाही पाण्यात घातली नव्हती. ऊन खाऊन खाऊन ती पांढुरकी पडली होती आणि बोट फिरवलं तर खडूसारखी पूड लागे. पण बोट फिरवणार कोण? मागच्याच महिन्यात वॉचमनने शेठ-शेठाणींच्या देखत होडीवर थाप मारली, "घासली की नवी होईल, बेन," असं म्हणाला आणि संध्याकाळी त्याची नोकरी गेली. शेठच्या होडीला हात लावायचा नाही, हा धडा साऱ्या कारखान्याने त्या दिवशी घेतला होता.

"अहो, एवढं काय? पुसून टाकते की," जिजाबाई म्हणाल्या.

पुसलं. स्वस्तिक गुलाबी झालं आणि दुप्पट पसरलं. साबण लावल्यावर डाग परातीएवढा झाला.

"कुंकू कशात कालवलं होतंस?" गणपतरावांचा आवाज चिरकला.

"तेलात. पाण्याने तलवार गंजते, म्हणून आपल्याकडे तेलातच कालवतात. तुमच्या आईंनीच शिकवलंय."

"ही तलवार आहे का?"

होडीवरच्या कोरड्या पुडीने ते तेल कुंकवासकट पिऊन टाकलं होतं. शेठ अंबाजीला गेले होते आणि परवा सकाळी परतणार होते. बावन्नाव्या वर्षी आपल्याला दुसरी नोकरी कोण देणार, या विचाराने गणपतराव होडीशेजारीच मटकन बसले.

साचे विभागातला गोविंद धावत आला. "काका, टेन्शन नका घेऊ. आपण साच्यांना चमकवायला जी पेस्ट घासतो, ती घासू."

घासली. पाच मिनिटांत डाग साफ गेला. गणपतरावांचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. डागाच्या जागी आता परातीएवढा गर्द निळा, आरशासारखा चकचकीत गोल होता. त्यात गणपतरावांना एक अतिशय घाबरलेला माणूस दिसला.

"अरे, हे गेटवरून दिसतंय!"

जिजाबाईंनी पर्समधली टाल्कम पावडर काढून त्या गोलावर चोपडली. वाऱ्याची झुळूक आली आणि सगळी पावडर गणपतरावांच्या मिशीवर गेली.

"आता एकच रस्ता, काका," गोविंद म्हणाला. "आखी होडी घासायची."

मग दीड दिवस तिघे घासत होते. आधी पाणी मारून पॉलिश पेपर, मग पेस्ट, मग वॅक्स. रस्त्यावर कुठलाही हॉर्न वाजला की गणपतराव होडीमागे बसत. शेवटी होडी अशी लखलखली, की तिच्याकडे बघून गोविंदला आनंद झाला आणि गणपतरावांना दरदरून घाम फुटला.

परवाची सकाळ उजाडली. गाडी आत आली. शेठ उतरले, होडी बघितली आणि त्यांचा चेहरा जुन्या होडीइतका पांढरा पडला. शेठाणींनी मात्र टाळ्याच वाजवल्या.

"अरे वाह! तमे तो कहेता हता, आ कोई दिवस सारी नहीं थाय! बस, रविवारे बधां महीसागर नदीए होडी लईने जईशुं!"

त्या गाडीतून प्रसाद काढायला वळल्या, तसं शेठनी गणपतरावांचं मनगट धरून त्यांना एका टाकीमागे खेचलं. बडोद्यात वाढलेले शेठ गणपतरावांशी आपल्या पद्धतीचं मराठी बोलत.

"कोणी सांगितलं होतं तुमाला?"

"शेठ, ते कुंकू... तेल... आमची आई..."

"पाच वरस तिला सांगतो, होडी खराब आहे! मला पाण्याची बीक लागते, गणपतराव! भीती! त्या वॉचमनने पण तिच्यासमोरच तोंड उघडलं!" शेठनी मनगट आणखी आवळलं. "रविवारी होडी पाण्यात गेली, तर सोमवारी तुमी घरी."

गणपतरावांना स्वतःइतकाच घाबरलेला माणूस आयुष्यात प्रथमच भेटला होता. त्यांना शेठची मनापासून दया आली. पण स्वतःची त्याहून जास्त आली.

तेवढ्यात शेठाणींची हाक आली. "जिजाबेन, शुकननो साथियो काढा ने!"

"या वेळी पाण्यात कालव," गणपतराव पत्नीच्या कानाशी पुटपुटले. "तेल नको, हात जोडतो."

जिजाबाईंनी पाण्यात कुंकू कालवून स्वस्तिक काढलं. क्षणभर ते टिकलं. मग त्याचे थेंब थेंब झाले आणि सगळं घरंगळत जमिनीवर टपकलं. त्यांनी पुन्हा काढलं. पुन्हा घरंगळलं. होडी कोरी करकरीत. शेठाणींचा हात तोंडावर गेला.

"अहो बेन, ते वॅक्समुळे..." गोविंदने सुरुवात केली.

गणपतरावांच्या अंगात अचानक पणजोबा संचारले. त्यांनी गोविंदच्या पायावर कचकन पाय दिला.

"अपशुकन!" शेठ ओरडले. त्यांनी चेहरा दुःखी करायचा फार प्रयत्न केला, पण जमलं नाही. "केन्सल! रविवार केन्सल!"

शेठाणी प्रसाद वाटून, हळहळत गाडीत जाऊन बसल्या. शेठ मागे रेंगाळले. गणपतरावांच्या पोटातला गोळा दोन दिवसांनी पहिल्यांदा हलला आणि त्यांनी अदबीने विचारलं, "शेठ, होडीवर ताडपत्री घालू का?"

"खबरदार!" शेठ म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "अजून उघड्यावर सरकवा. आणि ऊन बराबर लागतं का, ते रोज जातीने बघत जा."