देवीपुढचा लखोटा

कुंडलच्या माळावर पहिला ऊस लावला तो जोतिबांनी. त्यांचे नाथाजी पलटणीत सुभेदार झाले. नाथाजींचे उदयसिंह साखर कारखान्यात लागले. हिशेब तिघांनाही कधी जमला नाही. म्हणूनच की काय, उदयसिंहांची सृष्टी सांगलीत एम.कॉम. होऊन अमेरिकेत हिशेब तपासण्याचा परवाना मिळवायला गेली.

तिथला नियम कडक. बाहेरदेशी शिकलेल्याची गुणपत्रके विद्यापीठाच्या मोहोरबंद लखोट्यातूनच यायला हवीत. सृष्टी तिथल्या नोकरीतून सुट्टी काढून गावी आली, खेटे घालून तिने लखोटा मिळवला आणि आजीच्या, मनुबाईंच्या, हाती दिला.

"आज्जी, देवीपुढं ठेव. उद्या धाडायचाय."

मनुबाईंच्या घरात देवीपुढे झाकलेली वस्तू ठेवण्याचा रिवाज नव्हता. बियाण्याची पिशवी असो की सातबारा, तोंड उघडून हळदीकुंकवाचे बोट लावायचेच. त्यांनी अडकित्ता घेतला.

"आत्याबाई, मोहोर हाय त्येला," सूनबाई मंगल म्हणाली.

"मग देवीनं काय नुसता वास घ्यायचा व्हय? तू गप. बांधलेलं सोडायच्या आदी इचारावं माणसानं, ह्ये तुला ठावं न्हवतं, आन् मला शिकवतीस?"

नवी नवरी असताना मंगलने लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा मुदतीआधी सोडला होता आणि लोणचे नासले होते. तेव्हापासून दर आंब्याच्या हंगामात, पाहुण्यांदेखत, मनुबाई हे वाक्य तिला ऐकवीत आल्या होत्या. आताही ते ऐकवून त्यांनी अडकित्त्याने लखोट्याची मोहोर फोडली आणि गुणपत्रकांना कुंकवाचे बोट लावले.

संध्याकाळी सृष्टी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो, मोहोर तशीच आहे. फुटली तर घेतच नाहीत ते." ते ऐकून मनुबाईंनी गुपचूप भाताची शिते चोळून लखोटा चिकटवला आणि देव्हाऱ्याजवळ पाट्याखाली दाबला. ओल लागून कुंकू आरपार फुटले. सकाळी शितांच्या वासाने मुंग्यांची रांग देव्हाऱ्यापर्यंत लागली होती.

उदयसिंह तडक विद्यापीठात गेले आणि रिकाम्या हाताने परतले. "नवा लखोटा दिवाळीनंतर म्हणत्यात." तोवर अर्जाची मुदत उलटणार होती.

सृष्टी रागावली नाही. "असू दे गं, आज्जी. पुढच्या वर्षी परीक्षेला बसीन," एवढेच म्हणून बॅग भरू लागली. ती भांडली असती तर मनुबाईंना बरे वाटले असते.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मंगलने चहा आणून समोर ठेवला, पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, बांधलेलं सोडायच्या आदी इचारावं माणसानं."

उभ्या जन्मात कुणाला शेवटचा शब्द बोलू न दिलेल्या मनुबाईंनी कप उचलून एक घोट घेतला.

"फिटलं गं बाई," त्या म्हणाल्या. "जा, यंदाच्या लोणच्याचा दादरा तूच सोड. पोरीला लोणचं बांधून दे."