हिरवळीवर चालू नये

अशी कल्पना करा, की तुम्ही बोटाएवढे आहात, तुम्हाला मिशा आहेत आणि तुमचं जेवण ताटात वाढत नाहीत, जमिनीवर सांडून ठेवतात. मग काय कराल? नाक वाळूत खुपसाल, मिशांनी चाचपाल, वाळूचा बकाणा भराल, त्यातलं खाण्याजोगं गिळाल आणि वाळू कल्ल्यांतून सोडून द्याल. कोणी "शी, घाण!" म्हणणार नाही, कारण घरातले सगळेच तसे जेवणारे. जमलं? आता जरा असेच थांबा. आपल्याला आजोबांकडे जायचं आहे, आणि त्यांना काही केल्या ही कल्पना सुचत नव्हती.

हे टाचणीचे आजोबा. टाचणी म्हणजे त्यांची नात. अंगाने बारीक, प्रश्न टोचरे, त्यात आई घरी शिवणकाम करणारी, तेव्हा नाव आपोआपच पडलं. आजोबांची सगळी नोकरी एका क्रिकेटच्या मैदानाची निगा राखण्यात गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कोणी गवतावरून चाललं की अजून ते लांबूनच ओरडत.

रविवारी मावशी काचेची टाकी घेऊन आली. तळाला बारीक वाळू आणि वाळूवर सहा मिशाळ मासे.

"माझ्याकडे आता जागा नाही," मावशी म्हणाली. "पण जीव लावून वाढवलेत मी. झाडं तुम्ही निवडा. पुढच्या रविवारी बघायला येते. मासे खुशीत आणि मिशा शाबूत असल्या, तर हे टाचणीचे. नाहीतर माझ्याबरोबर परत."

टाचणीने टाकीला असे हात लावले, जणू मावशी आत्ताच ती उचलणार होती. "आजोबा, झाडं!" ती म्हणाली.

"झाडांची चिंता तू करू नकोस," आजोबा म्हणाले. "ते खातं माझं."

माशांच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "मासे कुठले?"

"तळाला राहणारे," टाचणी म्हणाली.

"मग ही रुंद पानांची घ्या. दगडाला बांधून ठेवायची. मूळ वाळूत पुरायचं नाही. खाली सावली होते, आणि तळ मोकळा..."

"झाड लावायचं आणि पुरायचं नाही?" आजोबा म्हणाले. "मग काय खुंटीला टांगायचं? अहो, जमिनीवर राहणाऱ्याला पायाखाली मऊ हिरवळ नको का?"

"त्यांना पाय नसतात, आजोबा."

"पोट तर असतं ना? पोटाखाली!"

बाईंनी बुटक्या गवताच्या जुड्या बांधून दिल्या. टाचणीने हट्टाने रुंद पानांचं एक झाडही घेतलं. संध्याकाळभर आजोबांनी चिमट्याने एकेक काडी वाळूत रोवली. सगळा तळ हिरवागार झाला. टाचणीचं झाड त्यांनी कोपऱ्यात मानेपर्यंत पुरलं. शेवटी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं, 'हिरवळीवर चालू नये', आणि तो माशांकडे तोंड करून टाकीवर टेकवून ठेवला.

"ते वाचणार कसे?" टाचणीने विचारलं.

"खेळाडूही वाचत नसत," आजोबा म्हणाले. "पण लावायची असते पाटी."

सकाळी सगळी हिरवळ पाण्यावर तरंगत होती. न्हाव्याच्या दुकानातली फरशी कशी दिसते, तसं पाणी दिसत होतं. खाली सहा मासे उघड्या वाळूवर नाश्ता करत होते.

"कोणी केलं हे?" आजोबा गरजले.

"मी मशीनवर होते, बाबा," टाचणीची आई आतून म्हणाली.

"मी झोपले होते," टाचणी म्हणाली. "आजोबा, मला वाटतं, मासेच..."

"एवढेसे मासे? अगं, बैल घुसल्यासारखं झालंय! पाण्याच्या पंपाचा जोर आहे हा."

त्यांनी पंपाचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि पुन्हा काडी काडी रोवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाव्याचं दुकान. मग त्यांनी बागेतली खडी धुऊन आणली.

"टोकदार आहे!" टाचणी टाकीच्या आडवी उभी राहिली. "मिशा घासतील त्यांच्या! मावशी काय म्हणाली होती?"

आजोबांनी एक खडा गालावरून फिरवून पाहिला आणि खडी परत नेली. पण हार मानतील ते आजोबा कसले! नवीन पेरलेलं गवत पाखरं उकरायची, तेव्हा मैदानावर ते काय करायचे? जाळी अंथरायचे.

घरात जाळी होती. शिवणाच्या टेबलावर घडी करून ठेवलेली, पांढरी, तलम. आजोबांनी ती बेताने कापली, गवतावर अंथरली आणि कडांना गोटे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गवत जागच्या जागी होतं. आजोबांनी चहाचे दोन कप घेतले.

पण मासे? ते जाळीवर तोंडं आपटत होते आणि दमून एका कोपऱ्यात गोळा होत होते. जेवण जाळीखाली गेलं होतं.

"आजोबा, ते उपाशी आहेत."

"होईल सवय."

तेवढ्यात दार वाजलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकू मुलीच्या फ्रॉकसाठी आल्या होत्या. आई टेबलावर शोधत होती, टेबलाखाली शोधत होती.

"अहो, घेराची जाळी इथेच तर होती!"

आजोबा टाकीकडे पाठ करून उभे राहिले. एवढे रुंद ते कधीच दिसले नव्हते. पण काकूंची नजर त्यांच्या कोपराखालून गेलीच.

"अगंबाई! माझ्या मुलीचा फ्रॉक माशांनी घातलाय की!"

"बाबा!" आई म्हणाली. फक्त एवढंच. पण त्या एका शब्दात मेजवानीभर पुरेल इतकं तिखट होतं.

"नवी आणून देतो," आजोबा पुटपुटले. "आत्ता जातो."

"आजोबा!" टाचणी किंचाळली. "एक खाली अडकलाय!"

सगळ्यात छोटा मासा गोट्याशेजारून जाळीखाली शिरला होता. शेपटी फडफडत होती, जाळी आणखीच गुंडाळत होती. आई कात्री घेऊन धावली. टाचणीने कोपरापर्यंत हात पाण्यात घालून जाळी वर ताणून धरली. आजोबा कडेचे गोटे एकेक करून उचलत होते. कच्, कच्, आणि मासा सुटला. तो तळाला टेकला, थोडा वेळ पडून राहिला. मग त्याने नाक वाळूत खुपसलं आणि चिमूटभर वाळू कल्ल्यांतून सोडली.

"जेवतोय," टाचणी ओल्या हाताने डोळे पुसत म्हणाली.

आजोबा खुर्चीत बसले. टाचणी त्यांच्या शेजारी येऊन टेकली.

"आजोबा, तुमच्या मैदानात मधोमध गवत असायचं?"

"मधोमध? छे! तिथे खेळपट्टी. ती मोकळी, साफ, रोज झाडलेली. तिथे गवत वाढवलं तर खेळणार कुठे..."

वाक्य तिथेच थांबलं. आजोबांनी टाकीकडे पाहिलं. मग टाचणीकडे. मग परत टाकीकडे.

"म्हणजे मी," ते हळूच म्हणाले, "खेळपट्टीवर गवत लावत होतो. इतके दिवस."

"चिमट्याने," टाचणी म्हणाली.

आधी आईला हसू फुटलं, मग काकूंना, आणि शेवटी आजोबांनाही.

मग कामाला वेग आला. गवत फक्त मागच्या काचेला लागून लावायचं ठरलं, सीमारेषेसारखं. त्याच्या पुढ्यात बोटाएवढ्या गोट्यांची ओळ, म्हणजे कोणी उकरू नये. मधली वाळू मोकळी. टाचणीचं रुंद पानांचं झाड उपसलं, तर पुरलेला बुंधा मऊ पडायला लागला होता. आईने सडका भाग कापला आणि उरलेलं झाड सुती दोऱ्याने दगडाला बांधलं, काजाला मारते तशी पक्की गाठ देऊन.

"खुंटीला नाही, पण दगडाला टांगलं बघा, बाबा," ती म्हणाली.

"टोमणे नंतर मार. गाठ बघ," आजोबा म्हणाले.

रविवारी मावशी आली. पर्ससुद्धा खाली न ठेवता टाकीसमोर वाकली. पाच मासे मोकळ्या वाळूवर रांगेने चरत होते. सहावा, छोटा, रुंद पानाखाली सावलीत पोट टेकून बसला होता. मावशीने सगळ्यांच्या मिशा निरखल्या. टाचणी आजोबांचं बोट घट्ट धरून उभी होती. कोणी कोणाचं धरलं होतं, हे सांगणं अवघड होतं.

"मधला तळ मोकळा ठेवलात!" मावशी म्हणाली. "हे भल्याभल्यांना कळत नाही. कोणाला सुचलं?"

आजोबांनी घसा साफ केला. "मैदानाचा माणूस आहे मी," ते म्हणाले. आई मशीनमागे खोकली. "आणि नातीने आठवण करून दिली," त्यांनी घाईघाईने जोडलं.

"मासे तुझे गं, टाचणी," मावशी म्हणाली.

टाचणीने उडी मारली, मावशीला मिठी मारली, आजोबांनाही मिठी मारली. आजोबा खूश होऊन टाकीकडे गेले. मागच्या गवतातली एक काडी जराशी तिरपी दिसत होती. त्यांनी हळूच चिमटा उचलला आणि बाही वर सरकवायला घेतली.

टाचणीने ते पाहिलं. तिने टाकीवरून 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी काढली, उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाण्यात हात घालू नये', आणि ती पुन्हा टाकीवर लावली. या वेळी माशांकडे नाही, आजोबांच्या खुर्चीकडे तोंड करून.