सुभेदारांची शेगडी आणि आक्काचा घास

आमचे साडू शेगडी पेटवायच्या आधी शिट्टी फुंकतात. खोटं नाही सांगत. कुठल्या तरी माळावर तंबू ठोकायचा, व्हॅनमधून गॅसची बार्बेक्यू शेगडी उतरवायची, छोट्या टाकीला नळी जोडायची, जोडावर साबणाचं पाणी लावून फुगा येतो का ते बघायचं, आणि मग फुर्रर्र! शिट्टी झाली की सगळ्यांनी पाच पावलं मागं. मी एकदा चारच सरकलो, तर म्हणाले, "पावणं, ग्यास हाय ह्यो. थट्टा न्हाई."

सुभेदार आनंदराव, मुक्काम कुंडल. फौजेतून येऊन बारा वर्षं झाली, पण अजून भाजी आणायला निघाले तरी बूट चमकावून निघतात. ही शेगडी म्हणजे त्यांचं खूळ. वर्षातून दोनदा आम्हा दोन्ही घरांना माळावर नेतात आणि चिमटा दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. मी नुसता हात पुढं केला तरी "अनुशासन!" म्हणून ओरडतात. मला या माणसाचा भयंकर राग येतो, आणि त्यांच्या हातची कोंबडी खाल्ली की जातो.

यंदाची खेप मात्र वेगळी होती. आक्काचं, म्हणजे सुभेदारांच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. जखम भरली, पण अन्नावरची वासनाच उडाली. फोडणीचा वास आला तरी उमासे यायचे. बाई नुसती वाळत चालली. डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारपर्यंत खायला लागल्या नाहीत तर परत भरती करा, नळीनं अन्न घालू. रविवारी सकाळी सुभेदारांनी व्हॅन काढली.

"घरात वास कोंडतुया," मला फोनवर म्हणाले. "उघड्यावर भाजतो. खाईल ती."

आम्ही आष्ट्याहून आमच्या गाडीनं गेलो. चांदोली धरणाच्या अलीकडं माळावर तंबू लागला, आक्काला शाल पांघरून खुर्चीत बसवलं. शिट्टी झाली. एरवी मला हसू आवरत नाही. त्या दिवशी आलंच नाही.

आधी कोंबडीची तंगडी झाली. आक्कानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "नगं वं." मग मासा. "नगं." मग पनीर. मग मक्याचं कणीस. त्याचे दाणे सोडवून सुभेदारांनी तिच्या तळहातावर ठेवले. तिनं दोन तोंडात टाकले, चावले आणि पदरात काढले. वारा सुटला होता. ज्योत सारखी विझत होती आणि सुभेदार अंगाचा आडोसा करून पुन्हा पुन्हा पेटवत होते.

"आगं, तुझ्याच आवडीचं केलंय की सगळं," ते कळवळून म्हणाले. आक्कानं शाल नाकावर ओढली.

तेवढ्यात त्यांनी मला खुणेनं व्हॅनमागं बोलावलं. म्हटलं, आता आपली हजेरी घेतली जाणार. पण माणूस घामानं थबथबलेला, आवाज पार खाली गेलेला.

"पावणं, तुमच्या मंडळींना जरा इचारा. हिला आवडतं तरी काय?"

"आवं, म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"न्हाई." त्यांनी मान खाली घातली. "अडतीस वरसं झाली लग्नाला. सुट्टीवर यायचो तवा आमी गडीमाणसं आदी जेवायचो, ती मागनं बायकांत. पेन्शनीत आलो तरी तीच रीत. ती जेवताना मी कवा बघितलीच न्हाई. तुमाला आवडंल ते मला आवडतं, आसं तीच म्हणायची. मी खरं धरून चाललो, गड्या."

माझ्या घरी तरी वेगळं काय होतं? लाज वाटली मला.

सुनंदाला, माझ्या बायकोला, विचारलं तर ती उसळलीच. "वांगं! भाजलेलं वांगं! माहेरी भरताचं पातेलं आक्का एकटी चाटूनपुसून साफ करायची. दाजींच्या अंगाला वांग्यानं खाज येते, म्हणून लग्नापासून तिनं घरात वांगं आणलं नाही."

आठवड्याची भाजी आमच्या डिकीतच होती, त्यात दोन वांगी निघाली. सुभेदारांनी कोंबडीचा वास जाईपर्यंत जाळी घासली. टाकी उचलून बघितली, ती फुलासारखी हलकी लागली. जादा टाकी आणलेली नव्हती. "दोन वांग्यांपुरता ऱ्हा रं बाबा," असं ते टाकीला म्हणाले, आणि आम्ही सगळे त्या ज्योतीकडं बघत बसलो. साल काळी पडली, वांगी मऊ झाली, आणि ज्योत फडफडून गेली ती गेलीच.

पहिलं वांगं त्यांनी चटके सोसत उघड्या हातांनी सोललं. मीठ, दही, कच्चा कांदा. फोडणी नाही. सोबत घरून आणलेली भाकरी. ताट आक्कापुढं गेलं.

तिनं वास घेतला. एक घास तोंडात घातला. सुनंदानं माझा दंड घट्ट धरला. आक्कानं घास गिळला आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा.

सुभेदार तिच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले होते.

"आसं काय बघताय टकामका?" आक्का लाजून म्हणाली. "तुमी बी बसा की जेवायला."

"तू आदी जेव," ते म्हणाले. "मी मागनं बसतो."

आणि मनगटं कराकरा खाजवत त्यांनी दुसरं वांगं सोलायला घेतलं.